करड्याच्या पायऱ्या

यंदाच्या अंकाचा विषय ‘काळा’, असं संपादकांनी उन्हाळ्यातच कळवलं होतं. कुणी काळ्या मातीवर लिहिणार होतं, कुणी चंद्रकळेवर, कुणी कोळशाच्या खाणींवर. माझ्या वाट्याला आला तो छायाचित्रांतला काळा. “डार्करूमा बंद पडल्या. मग ब्लॅक अँड व्हाइट फोटो हल्ली छापतात कुठे आणि कशाने?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याचा ‘इंदू’ कागद बाजारातून गेला त्याला बरीच वर्षं झाली. हायपोचा उग्र वास, लाल दिवा, ट्रेमधल्या पाण्याखाली हळूहळू उमटणारा चेहरा हे सगळं ज्यांच्या हातून झालं ते छायाचित्रकार आता उतारवयात आहेत. कृष्णधवल छायाचित्रं काढणारे मात्र संपलेले नाहीत. त्यांत तरुणही आहेत, आणि त्यांचे प्रिंट बहुतेक करून इंकजेट यंत्रावर निघतात. म्हणजे शाईने.

डार्करूममध्ये काळा निवडायचा प्रश्नच येत नसे. कागदावरच्या जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असत. उजेड पडलेल्या जागी डेव्हलपर त्यांची चांदी करी, आणि ती इतकी बारीक असे की काळी दिसे. कागद बदला, डेव्हलपर बदला, सेलेनियमने टोन करा, काळा चांदीचाच. शाईच्या छपाईत काळा बाटलीतून येतो. कोणत्या बाटलीतून, हे छापणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, आणि त्यावर तो फोटो आज आणि पुढची पन्नास वर्षं कसा दिसेल हे अवलंबून असतं.

भिंगाखाली

पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर प्रदर्शनांसाठी छपाई करून देणारा एक स्टुडिओ आहे. तो चालवणाऱ्या बाईंनी बोलायचं कबूल केलं. नाव नको, कामाबद्दल लिहा, एवढीच अट. खोलीच्या भिंती करड्या रंगवलेल्या, खिडकीला जाड पडदा, मधोमध मोठं टेबल. भिंती करड्या का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पिवळ्या भिंतीच्या खोलीत करडा ओळखता येत नाही. डोळा फसतो.”

त्यांनी टेबलावर तीन प्रिंट मांडले. तिन्ही एकाच छायाचित्राचे. वारीतला एक म्हातारा वारकरी, डोक्याला पांढरं मुंडासं, कपाळाला बुक्का, गालाच्या सुरकुत्यांत ऊन. पहिला प्रिंट सहा रंगांच्या डाय शाईच्या टँक प्रिंटरवर काढलेला, दुसरा तीन काळ्या शाया असलेल्या पिगमेंट प्रिंटरवर, तिसरा अशा यंत्रावर की ज्यात रंगीत शाई भरलेलीच नाही. सगळ्या टाक्यांत करड्याच्या वेगवेगळ्या छटा.

नुसत्या डोळ्यांनी ट्यूबलाइटखाली पाहताना तिन्ही जवळजवळ सारखे वाटले. मग त्यांनी हातात भिंग दिलं. पहिल्या प्रिंटमधला मुंडाशाच्या घडीतला फिकट करडा भिंगाखाली करडा राहिलाच नाही. तिथे निळसर, गुलाबी, पिवळे ठिपके शेजारी शेजारी पडलेले होते आणि काळा ठिपका शोधावा लागत होता. दुसऱ्या प्रिंटमध्ये ठिपके करडेच होते, दोन छटांचे, आणि त्यांच्यात मधूनच एखादा फिका निळा किंवा गुलाबी. तिसऱ्यात ठिपका म्हणून वेगळा काढता येईना. एका करड्यावर दुसरा करडा चढलेला, आणि सुती कागदाचे धागे स्वच्छ दिसत होते.

इंकजेट यंत्राची अडचण या भिंगाखालच्या दृश्यात सगळी आहे. हेडमधून शाईचा थेंब पडतो किंवा पडत नाही. आजच्या टेबलावरच्या यंत्रांत सगळ्यांत लहान थेंब दीड पिकोलिटरच्या आसपासचा असतो, तरी तो पूर्ण काळाच असतो. फिका करडा हवा असेल तर काळे ठिपके दूर दूर टाकायचे, एवढा एकच मार्ग उरतो, आणि मग पांढऱ्या मुंडाशावर मिरपूड सांडल्यासारखं दिसतं. काही छायाचित्रकारांना तो खरखरीतपणा आवडतो, जुन्या जलद फिल्मच्या दाण्यासारखा म्हणून ते मुद्दाम नुसत्या काळ्या शाईने छापतात. बाकीच्यांसाठी यंत्र दुसरी वाट काढतं. फिके रंग एकत्र टाकून करड्याचा भास तयार करतं. निळसर, गुलाबी आणि पिवळा योग्य प्रमाणात पडले की डोळ्याला करडा दिसतो.

दिसतो, पण कोणत्या उजेडात? बाईंनी पहिला प्रिंट उचलला आणि पडदा सरकवून खिडकीशी धरला. म्हाताऱ्याचा गाल हिरवट मारू लागला. मग पिवळ्या बल्बखाली नेला, तर तोच गाल तांबूस. तिसरा प्रिंट तिन्ही ठिकाणी तसाच राहिला. प्रत्येक रंगीत शाई प्रत्येक दिव्याचा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, त्यामुळे एका दिव्याखाली जुळलेलं प्रमाण दुसऱ्याखाली मोडतं. रंगीत फोटोत एवढा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. कृष्णधवल फोटोत दुसरा रंगच नसतो, त्यामुळे थोडासा हिरवा किंवा गुलाबीही लगेच डोळ्यांवर येतो. लोक काळा किती गडद आहे ते बघतात. मला त्या टेबलाशी उभं राहून पटलं ते असं, की कृष्णधवल छपाईची सगळी परीक्षा करड्यात होते. शाई निवडायची ती करड्यासाठी.

नॅशचं यंत्र आणि नारिंगी फोटो

हे ज्ञान पुष्कळ पैसे आणि प्रिंट वाया जाऊन आलेलं आहे. ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’मधला गायक ग्रॅहम नॅश छायाचित्रंही काढायचा आणि जुनी छायाचित्रं जमवायचा. त्याला आपली कृष्णधवल छायाचित्रं मोठ्या आकारात कागदावर हवी होती. त्यासाठी त्याने आयरिस ३०४७ नावाचं यंत्र घेतलं. छापखान्यांत मोठी छपाई सुरू करण्याआधी रंगांचा नमुना काढून बघण्यासाठी ते बनवलेलं होतं, आणि त्याची किंमत सव्वा लाख डॉलरच्या वर होती. नॅश आणि त्याचा सहकारी मॅक होल्बर्ट यांनी १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला त्यावर ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईची पेढी उघडली. गोल फिरणाऱ्या पिंपावर जाड कागद गुंडाळायचा आणि त्यावर शाईचा फवारा. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण आयरिसची शाई डाय होती. नमुना दोन-चार आठवडे टिकला तरी छापखान्याचं काम भागे. भिंतीवर टांगायच्या चित्राला ती शाई पुरेशी नव्हती.

डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. तो कागदाच्या लेपात खोल शिरतो, झळाळतो, चमकदार कागदावर सुंदर दिसतो. पण त्याचा एकेक रेणू सुटा असल्याने उजेड आणि हवा दोन्ही त्याला लवकर खातात. पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. असा कण साधारण एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असतो. त्याचा बाहेरचा थर झिजला तरी आतले रेणू शाबूत राहतात, म्हणून तो टिकतो.

या दोन शायांचे दोन धडे योगायोगाने एकाच वर्षी मिळाले. २००० साली एप्सनची स्टायलस फोटो ८७० आणि १२७० ही यंत्रं आली. डाय शाई, सुंदर प्रिंट, आणि कंपनीच्या कागदावर अनेक वर्षं टिकेल असा दावा. काही घरांत ते फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. उजेडाचा त्यात दोष नव्हता. हवेतला ओझोन कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाऊन निळसर डाय खाऊन टाकत होता. निळसर गेला की उरतो तो तांबडा-पिवळा. त्याच वर्षी आलेल्या २०००पी या यंत्रात पिगमेंट होतं. त्याचे प्रिंट उडत नव्हते, पण करडा रंगीत शायांतूनच घडत असल्याने दिवसाच्या उजेडात ते हिरवे दिसत. टिकाऊ असणं आणि सगळ्या उजेडांत सारखं दिसणं हे दोन निराळे गुण आहेत, आणि कृष्णधवल प्रिंटला दोन्ही लागतात, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं.

तीन काळे

२००५ साली एप्सनने त्यावर दिलेलं उत्तर आजही बहुतेक चांगल्या स्टुडिओंत चालतं. के-थ्री नावाच्या त्या संचात काळ्याच्या तीन पातळ्या होत्या: पूर्ण काळा, लाइट ब्लॅक आणि लाइट लाइट ब्लॅक. फिक्या छटेसाठी रंगांची जुळवाजुळव करण्याऐवजी फिकी काळी शाईच टाकायची. ड्रायव्हरमध्ये ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की यंत्र मुख्यतः या तीन काळ्यांनीच छापतं आणि छटा थंड की उबदार करण्यापुरता फिका निळा, फिका गुलाबी आणि थोडा पिवळा घेतं. भिंगाखालच्या दुसऱ्या प्रिंटमधले ते तुरळक रंगीत ठिपके यातून आलेले. कॅननच्या प्रो-१००० या यंत्रातही दोन काळ्यांच्या जोडीला दोन करडे आहेत.

ज्याला रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही छापायचं आहे, त्याने अशा यंत्राच्या पुढे फार शोधाशोध करू नये, असं माझं स्पष्ट मत झालं. कंपनीच्या शाया, कंपनीचा ड्रायव्हर, करड्या शाया निदान दोन. शाळेतल्या छायाचित्रण मंडळापासून गॅलरीपर्यंत सगळ्यांना हे पुरतं. स्टुडिओतल्या बाईंचंही अर्ध्याहून जास्त काम त्यावरच निघतं.

तिसऱ्या प्रिंटची वाट वेगळी आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जॉन कोन नावाचे मुद्रक आहेत. २००० सालच्या सुमारास त्यांनी ‘पिझोग्राफी’ नावाने निव्वळ करड्यांचे संच विकायला सुरुवात केली, आणि पुढे तर एका यंत्रात सात छटा भरायची सोय केली. एप्सनच्या हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक शाईला ढकलतो, तिथे शाई उकळावी लागत नाही, म्हणून परकी शाई त्याला चालते. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये शाई तापवून बुडबुडा करतात आणि तो थेंब बाहेर फेकतो. तिथे शाईचा गुणधर्म जरा बदलला तरी काम बिघडतं. त्यामुळे असे प्रयोग करणारे जवळजवळ सगळे एप्सनवाले.

पण यंत्राला काय ठाऊक, की निळ्याच्या टाकीत आता चौथा करडा आहे? कंपनीचा ड्रायव्हर वापरला तर तो निळा समजूनच टाकील. म्हणून रॉय हॅरिंग्टन यांचं ‘क्वाडटोन रिप’ हे सॉफ्टवेअर वापरतात. कोणती छटा कुठपर्यंत आणि पुढची कुठून सुरू, हे त्यात वक्र आखून आपणच ठरवायचं. बाईंनी त्यासाठीची पट्टी दाखवली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोन, एकेक पायरी गडद होत गेलेली. प्रत्येक चौकोन मोजमाप यंत्राने वाचायचा, पायऱ्यांमधलं अंतर समान आलं की नाही ते बघायचं, नसेल तर वक्र दुरुस्त करून पुन्हा छापायचं. नव्या कागदाचा गठ्ठा आला की सगळं पुन्हा. पट्टीवरचा शेवटून तिसरा आणि चौथा चौकोन त्यांनी मला जवळून पाहायला लावले. “हे दोन वेगळे दिसतायत ना? मग बुक्क्याच्या खालची कातडी दिसेल. एकजीव झाले की कपाळावर नुसता डाग.”

काजळी

काळ्या शाईत असतं काय? कार्बन. तेल किंवा वायू कमी हवेत जाळून धरलेली काजळी. टायरमध्ये घालतात ती हीच जात, फक्त शाईत कण फार बारीक आणि पाण्यात तरंगते राहतील असे केलेले.

आपल्याकडे हे नवं नाही. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलून केलेल्या शाईने शतकानुशतकं पोथ्या लिहिल्या गेल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्या मोठ्या संख्येने आहेत. अशा पोथ्यांचा कागद तपकिरी झालेला असतो, कडा किड्यांनी खाल्लेल्या असतात, अक्षर काळंच असतं. कार्बन हवेशी, उजेडाशी, पाण्याशी काही देवाणघेवाण करत नाही. मात्र ओल लागलेल्या पानावर अक्षर फिस्कटलेलं दिसतं. काजळी उडालेली नसते, तिला धरून ठेवणारा डिंक विरघळलेला असतो. आजच्या शाईतही तोच भेद करावा लागतो. कण टिकतो हे खरं, पण त्याला कागदाशी बांधणारं माध्यम किती घट्ट, हे निराळं विचारायचं. कार्बनचा काळा पन्नास वर्षं उडणार नाही, आणि तरीही सुती मॅट कागदावरून एका बोटाच्या घासण्याने निघू शकतो. म्हणून बाई अशा प्रिंटला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू देत नाहीत.

कार्बनचा दुसरा स्वभाव छापणाऱ्यांना जास्त छळतो. दाट असतो तोवर काळा. पातळ केला की तांबूस-तपकिरीकडे झुकतो. म्हणजे निव्वळ कार्बनच्या करड्या छटांनी छापलेला फोटो उबदार येणार, जुन्या सेपियाच्या अलीकडचा. तो तटस्थ किंवा थंड हवा असेल तर करड्या शाईत थोडं निळसर पिगमेंट घालावं लागतं. बाजारातल्या ‘न्यूट्रल’ संचांत ते घातलेलंच असतं. उडतो तो हाच घातलेला रंग. काही दशकांनी अशा प्रिंटची छटा हळूहळू कार्बनच्या मूळ तपकिरीकडे सरकते. टिकाऊपणा सगळ्यांत जास्त हवा असेल तर उबदारपणा स्वीकारावा लागतो, तटस्थ करडा हवा असेल तर थोडा टिकाऊपणा सोडावा लागतो. वारकऱ्याच्या चेहऱ्याला उबदार छटा शोभते. बर्फ, काँक्रीट, समुद्र यांच्या छायाचित्रांना ती मारक ठरते. मी स्वतः कार्बनच्या बाजूचा आहे. उबदार फोटोला डोळा लवकर सरावतो, पण तुकड्यातुकड्यांनी छटा बदललेला फोटो कायम खटकतो.

चकचकीत की मॅट

शाईबद्दल बोलता बोलता कागद येतोच. पिगमेंट यंत्रांत पूर्ण काळ्याच्या दोन बाटल्या असतात: फोटो ब्लॅक चमकदार आणि बॅरायटा कागदासाठी, मॅट ब्लॅक सुती आणि मॅट कागदासाठी. अदलाबदल चालत नाही. मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर बसत नाही, हाताला लागतो. फोटो ब्लॅक मॅट कागदावर गडद करड्यापलीकडे जात नाही. पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत या दोघांची नळी एकच होती. कागदाची जात बदलली की नळीतली शाई काढून टाकायची, दुसरी भरायची, आणि त्यात महागडी शाई थेट कचऱ्याच्या टाकीत. २०२० साली आलेल्या एप्सनच्या पी-७०० आणि पी-९०० मध्ये दोघांना स्वतंत्र नोझल मिळाली तेव्हा छपाई करणाऱ्यांनी खरोखर सुटकेचा निःश्वास सोडला.

काळा किती गडद, हे घनतेत मोजतात. चांगल्या मॅट सुती कागदावर ती १.६ ते १.७ पर्यंत जाते, बॅरायटावर २.२ च्या पुढे. आकडे जवळचे वाटतात, पण ही लॉगची मोजणी आहे. १.७ चा काळा अंगावर पडलेल्या उजेडातला सुमारे २ टक्के परत पाठवतो, २.३ चा फक्त अर्धा टक्का. बॅरायटा म्हणजे बेरियम सल्फेटचा पांढरा थर. जुन्या ब्रोमाइड कागदावरही तोच असे. डार्करूमचा प्रिंट पाहून मोठे झालेले लोक म्हणून बॅरायटाकडे वळतात. पण त्यावर पिगमेंट कलत्या उजेडात कधी कधी ब्राँझसारखं चमकतं, आणि शाई नसलेला पांढरा भाग निराळ्या चमकेचा दिसतो. त्यावर उपाय म्हणून काही संचांत रंगहीन लेपाची बाटली असते.

सुती कागदात हाननम्युले या १५८४ पासूनच्या जर्मन गिरणीचा ३०८ ग्रॅमचा फोटो रॅग आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असतो. महाग आहे. पुण्याच्या हातकागदावर छापून बघावं, असं अनेकांच्या मनात येतं. तो सुंदर आहे, पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो, शाई धाग्यांत पसरते आणि काळा खोल जाऊन मळकट होतो. लेप देऊन काही जण वापरतात, त्यात मेहनत फार. आणि दुकानात सगळ्यांत शुभ्र दिसणारा कागद लगेच उचलू नये. ती शुभ्रता बऱ्याचदा अतिनील उजेडात चमकणाऱ्या रसायनाची असते. ते काही वर्षांत दमतं, कागद मूळच्या पिवळटपणावर येतो, आणि शाई तशीच असूनही फोटोची छटा बदलते.

बुधवारातल्या बाटल्या

बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास शाईची दुकानं आहेत. अर्धा लिटर, एक लिटर, लेबलावर इंद्रधनुष्य. “दादा, ओरिजिनल देऊ का कॉम्पॅटिबल?” हा पहिला प्रश्न, “मशीन कुठलं?” हा दुसरा. डाय की पिगमेंट हे विचारणारा दुकानदार विरळा. तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ पासपोर्ट फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं सहा रंगांच्या डाय टँक प्रिंटरवर काढतात. एप्सन एल-८०५, एल-१८०० ही नावं तिथे घरची झालेली आहेत. अल्बम बंद राहतो, अंधारात राहतो, त्याला ही शाई पुष्कळ दिवस साथ देते. भिंतीवरच्या कृष्णधवल फोटोला देत नाही.

घरी छापणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. काही चार शायांच्या टँक प्रिंटरमध्ये काळी पिगमेंट असते आणि बाकीच्या तीन डाय. तुम्ही चकचकीत फोटो कागद निवडला की यंत्र काळी बाटली बाजूलाच ठेवतं, आणि तुमच्या कृष्णधवल फोटोतला काळाही निळा-गुलाबी-पिवळ्यातून घडवतं. मॅट कागद निवडला तर काळी शाई वापरात येते. म्हणजे त्याच यंत्रावर, फक्त कागदाची जात बदलून, फोटो सुधारतो. त्यासाठी एक पैसा जास्त लागत नाही. आणि डायच्या टाकीत उरलेल्या शाईवर पिगमेंट ओतू नये. दोन्हींतली रसायनं वेगळी, गुठळ्या होतात, हेड जातं. हेडची किंमत पुष्कळदा यंत्राच्या किमतीच्या घरात असते.

पावसाळ्यात बसून राहिलेलं यंत्र

चिपळूणला एक छायाचित्रकार पिगमेंट यंत्र चालवतात. जून ते सप्टेंबर त्यांच्या खोलीत आर्द्रता खाली येता येत नाही. शाई वाळायला वेळ लागतो, ताजा प्रिंट काचेखाली घातला तर काचेला चिकटतो. ते प्रिंट दिवसभर उघडा ठेवतात, मग शोषक कागद घालून रात्रभर दाबतात. त्यांना पुण्यातल्या मित्रांचा हेवा वाटतो, पण पुणेकरांची तक्रार उलटी आहे. कोरड्या हवेत आठवडाभर यंत्र बंद राहिलं की नोझलच्या तोंडाशी शाई सुकते आणि प्रिंटमध्ये लाइनी येतात. पिगमेंटचे कण तळाशीही बसतात. काडतूस काढून हलवावं लागतं.

करड्या शायांत ही खोड ओळखणं आणखी कठीण. नोझल तपासायचा नमुना छापला की काळ्यातली तुटलेली रेघ लगेच दिसते. लाइट लाइट ब्लॅकची रेघ मुळातच इतकी फिकी, की तिच्यातली फट नजरेतून सुटते आणि मग आकाशात किंवा गालावर बारीक पट्टे उमटतात. चिपळूणचे गृहस्थ तो नमुना दारात, तिरक्या उजेडात, भिंगाने बघतात. दर रविवारी एक लहान प्रिंट काढतात, काम असो नसो. हेड साफ करण्याच्या फेरीत जाते तेवढ्या शाईपेक्षा हा प्रिंट स्वस्त पडतो. वर्षातून चार फोटो छापणाऱ्याने पिगमेंट यंत्र घरी आणू नये. छापून घ्यावं.

देव्हाऱ्याशेजारची भिंत

एरंडवण्याच्या स्टुडिओत मी असतानाच साताऱ्याकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पिशवीतून दोन फोटो काढले. एक त्यांच्या आजोबांचा, पागोटं आणि उपरणं, साधारण पन्नास सालच्या आगेमागे काढलेला. कडांना चांदी वर येऊन आरशासारखी झाक आली होती, चेहरा स्वच्छ. दुसरा वडिलांचा, १९८० नंतरचा रंगीत. सगळा लालसर, शर्टाचा मूळ रंग कुणालाच सांगता येईना. रंगीत कागदातला निळसर रंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा उतरत जातो.

“ताई, आजोबांचा मोठा करून पाहिजे. देव्हाऱ्याशेजारी लावायचाय.”

“ऊन येतं का काका त्या भिंतीवर?”

“सकाळी घटकाभर येतं.”

“आणि समई, उदबत्ती?”

“ती तर रोजचीच.”

बाईंनी निव्वळ कार्बनच्या छटा, सुती मॅट कागद, काच आणि प्रिंट यांच्यात माउंटची फट असं सुचवलं. नमुना बघून काका जरा नाराज झाले. काळा फिका वाटतो म्हणाले, जुना फोटो कसा चकचकीत आहे. बाईंनी नमुन्यावर काच ठेवली आणि शेजारी काचेखाली बॅरायटाचा तुकडा. दोघांतला फरक बराच बुजला, कारण आता दोन्हींवर काचेचीच चमक होती. मुलगी म्हणाली, “बाबा, यात आजोबांची छटा जुन्याशी जुळते.” जुना प्रिंट वयाने उबदार झाला होता, नवा कार्बनने उबदार होता. तिथेच ठरलं.

किती वर्षं टिकेल, हे त्यांनी विचारलंच. शायांच्या टिकाऊपणाचे जे आकडे जाहिरातींत येतात ते बरेचदा आयोवातल्या हेन्री विल्हेल्म यांच्या प्रयोगशाळेचे असतात. तिथला हिशेब ४५० लक्स उजेड, दिवसाचे बारा तास, २४ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता धरून केलेला आहे. साताऱ्याच्या भिंतीवर घटकाभर येणारं ऊन हजारो लक्सचं, आणि श्रावणात हवा ६० टक्क्यांच्या किती तरी वर. म्हणून बाई वर्षांचा आकडा सांगत नाहीत. फोटो उन्हाच्या पट्ट्यातून हातभर बाजूला सरकवा, फ्रेमच्या मागे भिंतीपासून थोडी फट राहू द्या म्हणजे ओल धरणार नाही, हार काचेला लावा पण ओला नको, एवढं त्यांनी मुलीला लिहून दिलं.

प्रिंट वाळल्यावर त्यांनी तो उलटा केला आणि कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने शाईच्या संचाचं नाव, कागदाचं नाव, वक्राचा क्रमांक आणि तारीख लिहिली. फाइल हरवली, यंत्र भंगारात गेलं, तरी पुढे कुणाला हा फोटो दुरुस्त करायचा किंवा पुन्हा छापायचा झाला तर सुरुवात या ओळीपासून करता येते. छापून घेणाऱ्याने ही माहिती मागून घ्यावी. बहुतेक ठिकाणी मागितल्याशिवाय ती कुणी लिहीत नाही.